जाड कापलेल्या अकीक स्लॅबपासून कॅबोशॉन: चिरावे, घासावे की जाडी वापरावी?

पाषाणवेडा (पुणे)

नमस्कार मंडळी.

खंभातहून अकिकाच्या स्लॅबचा, म्हणजे करवतीने कापलेल्या सपाट कापांचा, एक लॉट आणला आहे. हिरव्या शेवाळी नक्षीचा मॉस अकीक, पांढऱ्या-करड्या पट्ट्यांचा अकीक आणि थोडा तांबडा कार्नेलियन. ओले करून उजेडात धरले की नजर हटत नाही. अडचण जाडीची आहे. व्हर्नियर लावला तर सर्वांत पातळ स्लॅब ९ मिमी भरतो आणि सर्वांत जाड १३. काही तर एका कडेला १० आणि दुसरीकडे १२, असे पाचरीसारखे आहेत. कॅबोशॉनला, म्हणजे घुमटासारख्या गुळगुळीत खड्याला, ५ ते ६ मिमी पुरते असे सगळीकडे वाचायला मिळते.

माझ्याकडे सहा इंची ट्रिम सॉ (लहान तुकडे कापायची करवत) आहे आणि सहा इंची डायमंड चाकांचे यंत्र, खरखरीत ते बारीक: ८०, २२०, ६००, १२०० आणि ३०००. मोठा स्लॅब सॉ नाही, आणि फ्लॅटमध्ये तो ठेवायला जागाही नाही.

पेंडंटसाठी ४० बाय ३० आणि २५ बाय १८ मिमीचे ओव्हल करायचे आहेत, थोडे खडे कानातल्यांसाठी. जास्तीची जाडी घासून काढू, मधून चिरून दोन करू, की आहे तशी ठेवून उंच घुमट करू? ज्यांनी असा माल हाताळला आहे त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

उज्ज्वला_नाशिक

घासून काढू नका. हिशेबच मांडते. ४० बाय ३० च्या ओव्हलसाठी ४२ बाय ३२ चा तुकडा लागतो. तो १२ मिमी जाड आहे आणि त्यावरचे ६ मिमी उडवायचे आहेत असे धरा. म्हणजे आठ घन सेंटिमीटर दगड, अकिकाची घनता २.६ धरली तर जवळपास २१ ग्रॅम. एवढ्या दगडाचा गाळ करताना ८० चे चाक झिजते, मनगट दुखते आणि शेवटी हातात एकच खडा राहतो. तोच तुकडा १ मिमी जाडीच्या ब्लेडने मधून चिरला तर साडेतीन ग्रॅम जातात आणि तुकडे दोन मिळतात.

चिरण्याचा हिशेबही आधी कागदावर करा. १२ मिमीतून ब्लेडचा १ मिमी गेला की साडेपाच-साडेपाचचे दोन काप. उत्तम. ९ मिमीतून मात्र चार-चार उरतात, आणि त्यातही करवतीच्या खुणा घासताना थोडे जाते. चार मिमीच्या कापातून ४० बाय ३० चा खडा केला तर एक तर घुमट सपाट राहतो, नाहीतर कड इतकी पातळ होते की कोंदण दाबताना टवका उडतो. त्यामुळे मी तरी ११ मिमीच्या खालचा स्लॅब मोठ्या खड्यांसाठी चिरणार नाही. १८ बाय १३ सारख्या लहान मापांना चार मिमी चालतात.

सोनारगल्ली (कोल्हापूर)

राम राम. आमचं काम खडा हातात आल्यावर सुरू होतं, तेव्हा त्या बाजूनं सांगतो.

४० बाय ३० चा खडा ६ मिमी उंच असेल तर साधारण १० ग्रॅम भरतो. १० मिमी उंच केला की तोच १७ ग्रॅमच्या आसपास जातो. त्यावर चांदीचं कोंदण, मागचा पत्रा, वरची कडी. असं पेंडंट साखळीत सरळ बसत नाही, पुढं झुकतं. गिऱ्हाईक दोनदा घालतं आणि डब्यात ठेवून देतं.

दुसरं म्हणजे कड. कोंदणाची पट्टी खड्यावर अडीच-तीन मिमी चढली की खडा पक्का बसतो. जाड स्लॅबचे खडे माझ्याकडे येतात त्यातल्या बऱ्याच जणांची कड सहा-सात मिमी सरळ उभी असते आणि वर नुसता नावाला फुगवटा. मग मला पट्टी तितकीच उंच घ्यावी लागते. उंच पट्टी दाबताना सुरकुतते, चांदी जास्त लागते ती वेगळीच. जाड ठेवायचं तर ठेवा, पण उंची घुमटाला द्या. कडेला देऊ नका.

खडक_आणि_खनिज

मी महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवत होतो. खडे घासणे निवृत्तीनंतरचे. या चर्चेत एक गोष्ट करवतीच्या आधी यायला हवी, ती म्हणजे त्या १२ मिमीच्या आत काय आहे.

खंभातचा अकीक प्रामुख्याने रतनपूरकडच्या खाणींतून येतो. मुळात तो आपल्या दख्खनच्या बेसाल्टचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत सिलिका थराथराने साचली. पुढे बेसाल्ट झिजला आणि त्याहून टणक असलेल्या या गाठी सुटून गाळाच्या थरांत जाऊन बसल्या. पोकळीत थर भिंतीकडून आतल्या दिशेने वाढतात, काही वेळा तळाशी सपाट आडवे बसतात. त्यामुळे स्लॅबच्या वरच्या तोंडावर जे दिसते तेच दोन मिमी खाली असेल असे नाही. मॉस अकिकातले ‘शेवाळ’ ही वनस्पती नव्हेच. ती सिलिकात गोठलेली खनिजे आहेत. तांबड्या-काळ्या फांद्या लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडांच्या, हिरवे तंतू क्लोराइट किंवा सेलाडोनाइटसारख्या खनिजांचे. या फांद्या तिन्ही दिशांनी पसरतात. जाड स्लॅबमध्ये एक संपूर्ण झुडूप असू शकते. पातळ कापात त्याचा नुसता छेद येतो.

म्हणून प्रत्येक स्लॅब भिजवा आणि अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च लावा. मग टॉर्च कडेने लावा. कडेचा उजेड फार बोलका असतो: कोणती फांदी वरच्या तोंडाजवळ आहे, कोणती तळाशी, मधे ढगाळ पट्टा आहे का, हे त्यातच कळते. दोन्ही तोंडांचे फोटो काढून ठेवा. एका तोंडाला चित्र भरगच्च आणि दुसऱ्याला नुसता करडा कॅल्सेडोनी (अकिकाचाच बिननक्षीचा प्रकार) असेल तर प्रश्न जवळपास सुटला. करड्या बाजूने काप काढायचा, चित्राच्या बाजूला घुमट.

तडेही याच वेळी शोधा. स्लॅब भिजवून कापडाने पुसा आणि वाळताना बघत राहा. बाकीचा पृष्ठभाग कोरडा होतो तेव्हा तड्यात पाणी टिकून असते, आणि ती रेघ ओली दिसते.

पाषाणवेडा

सर, कडेचा उजेड लगेच करून पाहिला. मॉसच्या एका स्लॅबमध्ये वरून जे दोन वेगळे झुपके दिसत होते ते आत खाली एकाच बुंध्याला जोडलेले आहेत! हा मी चिरणार नाही.

बाकीच्यांबद्दल विचारतो. माझ्या सहा इंची सॉवर स्लॅब उभा धरून चिरता येईल का? की ओळखीच्या फरशीवाल्याच्या टाइल कटरवर करून घेऊ?

टूसॉनकर (अ‍ॅरिझोना)

इथे स्लॅब बहुधा पाव इंची, म्हणजे सहा मिमीच्या जरा वरचे मिळतात. पण टूसॉनमध्ये दर वर्षी जानेवारीअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत खनिजांचा बाजार भरतो, त्यात जुने साठे निघतात आणि त्यांत असे अर्ध्या इंचाचे काप भरपूर असतात. ठिसूळ किंवा पोकळ्यांचा दगड कापताना तुटू नये म्हणून लोक जाड कापत. त्यामुळे स्लॅब चिरण्याचे काम मला बरेच पडते.

टाइल कटर नको. त्याचे चार इंची ब्लेड दोन मिमीच्या आसपास जाड असते. १२ मिमीतून ते दोन मिमी खाणार, शिवाय कडा टवके उडून दातेरी होणार. हातात धरायचा ग्राइंडर तर या कामाला नकोच नको. लहान तुकडा हातातून निसटला तर थेट बोटांवर येतो.

सहा इंची ट्रिम सॉवर जमते, पण अख्खा स्लॅब घेऊन नाही. ब्लेडचा व्यास १५० मिमी असला तरी टेबलाच्या वर जेमतेम ३५ ते ४० मिमी येतो. म्हणून आधी स्लॅबवर टेम्प्लेटने ओव्हल आखा, प्रत्येकाभोवती दीड-दोन मिमी सोडून चौकोनी तुकडे कापा, आणि मग एकेक तुकडा उभा करून चिरा. ४२ बाय ३२ चा तुकडा लांब कडेवर उभा केला की उंची ३२ मिमी. एका फेरीत पार होतो.

तुकडा नुसत्या हाताने उभा धरून चिरायचा नाही. काटकोनात तासलेला लाकडी ठोकळा घ्या आणि तुकड्याचे सपाट तोंड त्याला इपॉक्सीने चिकटवा. आधी दगड साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, कापताना तेल वापरले असेल तर चिकट धरत नाही. सॉला मार्गदर्शक पट्टी लावा, ठोकळा तिला टेकवून सरकवा. तुमचे स्लॅब पाचरीसारखे आहेत असे लिहिले आहे. दोनपैकी जे तोंड जास्त सपाट ते ठोकळ्याकडे ठेवा, म्हणजे ठोकळ्याकडचा काप सारख्या जाडीचा निघतो आणि सगळा तिरकेपणा दुसऱ्यात जातो. तो दुसरा काप लहान खड्यांना वापरा.

ढकलायचे अगदी सावकाश. पातळ ब्लेड जोर लावला की वाकते, कापाची रेघ पोटात वळते आणि एक तुकडा मधे जाड, दुसरा मधे पातळ होतो. आवाज ऐकत राहा. ब्लेडचा सूर खाली आला की हात सैल करा. शेवटचे दोन-तीन मिमी राहिले की दाब जवळजवळ काढून घ्या, नाहीतर तेवढा ओठ तुटतो आणि सोबत खड्याचा कोपरा घेऊन जातो. मी शेवटच्या कडेला टाकाऊ दगडाची पट्टी चिकटवतो. तुटलेच तर तिथे तुटते.

ब्लेडचा तळ सतत पाण्यात हवा. यंत्र पाण्याचे आणि विजेचे आहे, तेव्हा त्या प्लगच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना, ते आधी बघून घ्या.

उज्ज्वला_नाशिक

टूसॉनकरांनी चिरण्याचे सगळे सांगितले. मी न चिरण्याबद्दल लिहिते, कारण जाड स्लॅब फुकट जातात ते इथेच.

पाषाणवेडा, तुमच्या पट्ट्यांच्या अकिकात असे काही स्लॅब आहेत का, की ज्यांच्या तोंडावर फारसे काही दिसत नाही, एकच फिकट रंग, पण कड बघितली तर पांढऱ्या-करड्या-काळ्या रेघा एकावर एक आडव्या? असे स्लॅब लोक साधे म्हणून बाजूला टाकतात. ते पट्ट्यांना समांतर कापले गेलेले असतात. त्यांच्यात डोळा आहे.

आडवे थर असलेल्या दगडावर घुमट काढला की घुमटाचा उतार एकेका थराला छेदत खाली येतो. वरून बघताना प्रत्येक थर एक वर्तुळ होतो, नकाशावरच्या समोच्च रेषांसारखा. शिखरावर वरच्या थराची टिकली, तिच्याभोवती पुढच्या थराचे कडे, मग त्याच्या खालचे. सुलेमानी अकिकात लोक हाच डोळा शोधतात. थर मिमीभर जाडीचे आणि घुमट सात मिमी उंच असला तर सहा-सात कडी मिळतात. ६ मिमीच्या स्लॅबमधून कडेचे दोन-अडीच गेले की घुमटाला साडेतीन उरतात, डोळा अर्धवट राहतो. म्हणजे हे काम करायला तुमचा १० ते १३ मिमीचाच स्लॅब हवा.

पद्धत सांगते. आधी ओव्हल किंवा गोल आकार कडेने उभा घासून घ्या, भिंत काटकोनात. मग तळापासून अडीच मिमीवर अ‍ॅल्युमिनियमच्या टोकाने सगळीकडून रेघ ओढा. ही रेघ पाण्यात पुसली जात नाही. ८० च्या चाकावर खालून सुरुवात करायची: पहिला उतार उभट, रेघेच्या किंचित वर थांबणारा. त्याच्या वर दुसरा, ४५ अंशांचा. त्याच्या वर तिसरा, जवळपास आडवा. पातळ स्लॅबला दोन उतार पुरतात, जाडाला तीन हवेत, नाहीतर मधे खांदा राहतो आणि खडा डबीसारखा दिसतो. मग खडा सतत फिरवत हे तिन्ही उतार एकमेकांत मिसळा. २२० वर गेल्यावर वर्तुळे दिसायला लागतील. ती मधोमध आहेत का ते तिथेच बघा. एका बाजूला सरकली असतील तर घुमट तिरका आहे. जिकडे कडी अरुंद तिकडे उतार जास्त उभा, म्हणून त्याच, अरुंद कडी असलेल्या बाजूने थोडे घासायचे. हे २२० लाच सुधारते, ६०० वर फार वेळ खाते.

घासताना धरता यावा म्हणून खडा लाखेने काडीवर चढवतात, तेव्हा जाड तुकडा सावकाश गरम करा. आतपर्यंत ऊब पोचायला वेळ लागतो, आणि थंड दगडाला लाख धरत नाही. घाईने एका बाजूने तापवला तर तडा जातो. मी हल्ली सुपरग्लूने काडी चिकटवते आणि काम झाल्यावर अ‍ॅसिटोनमध्ये सोडवते. झिलईसाठी ३००० नंतर चामड्यावर सेरियम ऑक्साइड, अकिकाला तेच चांगले लागते.

सोनारगल्ली

ताई, डोळ्याचे खडे मी बसवले आहेत, देखणे दिसतात हे मान्य. पण वजनाचं काय? तुमचा खडा दहा मिमी उंच म्हणजे परत तेच सतरा ग्रॅम.

उज्ज्वला_नाशिक

दादा, ४० बाय ३० ला डोळा मी करणार नाही. उंच घुमट लहान मापालाच शोभतो. २० मिमी गोल खडा ९ मिमी उंच केला तरी पाच-साडेपाच ग्रॅममध्ये बसतो. मोठ्या ओव्हलला उंच घुमटाने बघणाऱ्याचे डोळेही थकतात.

सोनारगल्ली

हे पटलं. २० मिमी गोल असेल तर पेंडंटला चालतो, फक्त साखळी ओवायची कडी जरा वर आणि मागच्या बाजूला घ्यायची म्हणजे तोल जात नाही. अंगठीला मात्र नऊ मिमी नको. खिशात हात घालताना अडकतो, दरवाज्याला आपटतो. अंगठीला एकूण उंची पाचाच्या आसपास ठेवा.

मॉससाठी एक सुचवतो. खडा जाड असला आणि रंग गडद हिरवा असला की कोंदणात बसल्यावर तो काळा पडतो, कारण मागून उजेड येत नाही. तिथं मी मागचा पत्रा पूर्ण लावत नाही. आतून दोन मिमीची चौकट ठेवून बाकी मोकळा करतो. उजेड मागून शिरतो, झुडूप परत दिसायला लागतं. पाषाणवेडांनी तो एका बुंध्याचा तुकडा सांगितला, त्याला असंच करावं.

मृण्मयी_फोंडा

याच्याशी जोडून सांगते. मागून पोकळ करणे हाही उपाय आहे. गडद गार्नेटचे कॅबोशॉन पूर्वीपासून असे मागून कोरत आले आहेत, रंग उजळावा म्हणून. जाड मॉसलाही ते लागू पडते. घुमट आणि झिलई पूर्ण करून घ्यायची, मग खडा उलटा बसवून गोल डायमंड बरने (फिरत्या यंत्राला लावायच्या हिऱ्याच्या टोकाने) तळाला उथळ वाटी कोरायची. थेंब थेंब पाणी सतत पडत राहिले पाहिजे. तळाची कड तीन मिमी रुंद सपाट ठेवायची म्हणजे तो कोंदणात नीट टेकतो, आणि मधली जाडी तीन मिमीच्या खाली न्यायची नाही. वजन उतरते, रंग उघडतो, झुडूप तसेच राहते. वेळखाऊ काम आहे. चांगल्या तुकड्यासाठीच करावे.

कानातल्यांसाठी मी स्लॅबच आडवा करते. म्हणजे १२ मिमी जाड स्लॅबच्या सहा मिमी रुंदीच्या पट्ट्या कापायच्या. पट्टी आडवी पाडली की ती १२ मिमी रुंद आणि सहा मिमी जाड होते, आणि स्लॅबच्या पोटात जे लपले होते तो कापलेला चेहरा समोर येतो. पट्ट्यांचा अकीक असेल आणि थर स्लॅबच्या तोंडाला समांतर असतील तर सगळ्या रेघा लांबीच्या दिशेने धावतात. त्यातून ३० बाय १० चे लांबट खडे. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांची समोरासमोरची तोंडे वर घेतली तर आरशातल्यासारखी जोडी जमते, डावा-उजवा असा. चिरण्यापेक्षा सोपे आहे, कारण सहा इंची सॉवर स्लॅब आडवा ठेवूनच कापायचा असतो, काही उभे धरावे लागत नाही.

खडक_आणि_खनिज

मृण्मयींची ही पट्टीची कल्पना उत्तम आहे. आडवा छेद घेतल्याशिवाय थरांची खरी रचना कळतच नाही.

खंभातचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी जोडतो. हे स्लॅब करवतीने कापलेले असले तरी तिथली जुनी पद्धत करवतीची नाही. जमिनीत रोवलेल्या लोखंडी खिळ्याच्या टोकावर दगड धरायचा आणि म्हशीच्या शिंगाच्या डोक्याची हातोडी विरुद्ध बाजूने मारायची. घाव बेताचा, टवका हवा तेवढाच. यात दगड ब्लेडखाली पीठ होत नाही, कपचीच्या रूपात निघतो. मण्यांचे आकार अजून असे घडतात. सिंधू काळापासून गुजरातेत अकीक मण्यांचे काम चालत आले, लोथलला मणी घडवणाऱ्यांची जागाच उत्खननात सापडली आहे.

आणि महाराष्ट्राचा संबंध खाणीपुरता नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात पैठणहून भडोचच्या बंदरात गाड्यांनी मोठ्या प्रमाणावर पट्टेरी दगड, म्हणजे ओनिक्स, जात असल्याची नोंद आहे. पैठण, तेर, नेवासा, सगळीकडच्या उत्खननांत अकीक आणि कार्नेलियनचे मणी निघाले. तुमच्या टेबलावरचा माल त्या रस्त्याने उलटा आला आहे.

दुसरी गोष्ट धुळीची, आणि ती मी कळकळीने लिहितो. अकीक म्हणजे सिलिका. खंभातमध्ये कोरड्या चाकावर अकीक घासणाऱ्या कारागिरांमध्ये सिलिकोसिसचे, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाचे, प्रमाण मोठे आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक स्वास्थ्य संस्थेने त्यांचा अभ्यास केलेला आहे. फुप्फुसाला एकदा व्रण पडले की ते भरून येत नाहीत. तुम्ही छंद म्हणून करता, पाण्यावर करता, धोका कमी आहे. पण कोरडे एक मिनिटही घासू नका. ‘एवढी कड जरा मारून घेतो’ म्हणून पाणी बंद ठेवणे ही सवय लावूनच घेऊ नका. काम संपल्यावर टेबल ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. मास्क पाण्याच्या जोडीला वापरायचा, पाण्याच्या ऐवजी नाही.

टूसॉनकर

सरांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझे पूर्ण अनुमोदन. इथल्या क्लबांमध्येही नवीन माणसाला चाकाला हात लावण्याआधी हेच शिकवतात.

चिरलेल्या कापांबद्दल राहिलेले: पातळ निघालेला काप टाकू नका. दोन-अडीच मिमीचा पारदर्शक मॉस दुसऱ्या दगडाच्या तळावर चिकटवून जोडखडा होतो. तुमच्याकडे काळा बेसाल्ट फुकट मिळतो, तळाला उत्तम. दोन्ही पृष्ठभाग सपाट घासून, अ‍ॅसिटोनने पुसून, सावकाश बसणाऱ्या इपॉक्सीने जोडा आणि पूर्ण एक दिवस दाबात ठेवा. काळ्या तळावर हिरवा मॉस बुडतो, पण पांढरी किंवा पिवळसर नक्षी उठून दिसते. विकणार असाल तर जोडखडा आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचेच.

पाषाणवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सगळा लॉट भिजवून, टॉर्च लावून वेगळा केला.

उज्ज्वलाताई, तुम्ही सांगितलेले ‘साधे’ स्लॅब खरोखर निघाले. तोंडावर नुसता दुधी रंग आणि कडेला काळ्या-पांढऱ्या रेघा. ते सगळे डोळ्यांसाठी ठेवले, २० मिमी गोल. एका बुंध्याचा मॉस ३८ बाय २८ च्या ओव्हलमध्ये बरोबर बसतो. त्याला मागून पोकळ करेन, आणि सोनारदादांनी सांगितल्याप्रमाणे मागे मोकळी चौकट. १२-१३ मिमीचे बाकीचे मॉस तुकडे करून ठोकळ्यावर चिरणार. पट्ट्यांचे ९-१० मिमीचे स्लॅब मृण्मयीताईंच्या पद्धतीने आडवे.

कार्नेलियनचे कळत नाही. ९ मिमी आहे, रंग सगळीकडे सारखा, आत नक्षी काहीच नाही. आणि एक शेवटचे: ट्रिम सॉच्या टाकीतला गाळ कुठे टाकायचा? सध्या बादलीत साठवला आहे.

उज्ज्वला_नाशिक

एकरंगी कार्नेलियनला जाडी फायद्याचीच आहे. पातळ केला की फिकट नारिंगी दिसतो, जाड राहिला की तांबडा गहिरा होतो. टॉर्चसमोर पायरी-पायरीने जाड असलेले तुकडे धरून बघा आणि हवा तो रंग जिथे येतो तीच उंची ठेवा. १६ बाय १२ च्या मापात सात मिमीपर्यंत उंच घुमट छान दिसतो. दोन्ही बाजूंनी फुगीर केला तर आत उजेड खेळतो, फक्त तशा खड्याला बंद तळाचे कोंदण न घेता पंजे घ्यावे लागतात. त्याबद्दल दादाच सांगतील.

सोनारगल्ली

चार पंजे, चांदीची १.२ मिमीची तार. खालून एक गोल कडं, त्यावर खडा टेकतो. कडेची धार खड्याच्या उंचीच्या बरोबर मधे ठेवू नका, थोडी खाली ठेवा, वरचा घुमट मोठा आणि खालचा उथळ. म्हणजे पंजे आखूड राहतात आणि कापडात अडकत नाहीत.

टूसॉनकर

गाळ मोरीत किंवा बेसिनमध्ये ओतू नका. दगडाचं बारीक पीठ पाइपच्या वळणात बसतं आणि घट्ट होतं, नंतर पाइपच बदलावा लागतो. बादली दोन दिवस न हलवता ठेवा, वरचं पाणी नितळ झालं की ते हळूच काढून परत टाकीत वापरा. खालचा गाळ ओला असतानाच जाड प्लास्टिक पिशवीत भरून तोंड बांधा आणि कचऱ्यात द्या. उन्हात वाळवू नका, वाळला की तीच धूळ होते. कुंडीतही घालू नका. आणि टाकीचं पाणी दर आठवड्याला बदला, नाहीतर वास मारायला लागतं.